परवान्याची डबी

फुजैरा,
१८ सप्टेंबर २००२

प्रिय विघ्नेश,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलंच. पण धाकट्या भावाला दुसरं काय लिहितात ते मला ठाऊक नाही, तेव्हा असू दे. तुझं पाकीट परवा शाळेच्या पोस्टबॉक्समध्ये आलं. मुद्द्याचं आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस: त्या पत्रकातून दत्तप्रसादचं नाव, त्याचा फोटो आणि त्याची गोष्ट काढून टाक. छापखान्यात गेलं असेल तर छापखान्यात जाऊन काढ. गठ्ठे बांधून झाले असतील तर गठ्ठे सोड. रमजान लागायच्या आत इथे माफीचे अर्ज वर जातात, आणि तुझ्या भावोजींचा अर्ज यंदा त्यात जायचा आहे. चार वर्षांच्या शिक्षेतले पंधरा महिने झालेत. उरलेले कमी होतील की नाही ते त्या अर्जावर आहे, आणि नेमक्या त्याच वेळी तुला त्याचं नाव अमेरिकेत घरोघर वाटायचं आहे. आणि काय रे, पाकिटाच्या कोपऱ्यावर गांजाच्या पानाचं हिरवंगार चित्र, तेही शाळेच्या पत्त्यावर? ऑफिसातल्या कुबराने ते उलटं धरून माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "मिस, घर जाके फाड देना, यहाँ नहीं." नवरा आत असताना बायकोच्या नावाने असलं चित्र पाठवायचं, ही अक्कल तुला कुठल्या कॉलेजाने दिली? हे उत्तर मी इथल्या टपालात टाकणार नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या हेमावहिनी शुक्रवारी सुट्टीवर निघाल्यात, त्या मुंबईहून कुरिअर करतील.

तरी पत्रक मी वाचलं. दोनदा वाचलं, कारण गणिताच्या बाईला दुसऱ्याची रीत तपासल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या नेवाडात पाच नोव्हेंबरला मतदान आहे, गांजा कायदेशीर करायचा, विकणाऱ्याला लायसन्स द्यायचं, वर कर बसवायचा, आणि साध्यासुध्या करदात्याला हे पटवायचं हे तुझं काम. जो ओढतो त्याला पटवायची गरजच नाही. तू लिहिलंयस ते घराचे हप्ते भरणाऱ्या, रविवारी अंगणातलं गवत कापणाऱ्या, गांजा कधी हुंगलाही नसेल अशा माणसाला. त्याला तू गांजा चांगला असं एकदाही म्हणत नाहीस. म्हणतोस, विकला तर जातोच आहे, मग त्यातून तुमच्या मुलांच्या शाळेला नवी बाकं का मिळू नयेत? अगदी जुनाच विघ्नेश. सिनेमाला पैसे मागताना तू सिनेमाचं नाव काढायचा नाहीस. "आई, तुला दुपारी तेवढीच झोप मिळेल," म्हणायचास. आई पैसे द्यायची, आणि वर माझा मुलगा किती समजूतदार म्हणून शेजारी सांगायची. तुझे करदातेही देतील कदाचित. त्यांना मी काही सांगायला जात नाही. मी त्यांच्यात बसतच नाही, इथे आमच्या पगारावर कर नाही.

पण लायसन्सबद्दल बोलायचा मला हक्क आहे, आणि तो तुझ्याइतकाच आहे, कारण आपण दोघं एकाच घरात त्या लायसन्सच्या भातावर वाढलो. आप्पांचं एक्साइज खातं आठव. सांगलीतल्या औषधांच्या कारखान्यांत भांगेची कोठी वेगळी असायची, तिला दोन कुलपं, एक मालकाचं आणि एक सरकारचं. आप्पा जाऊन सरकारी कुलूप उघडायचे, वैद्यांना चूर्णापुरती भांग मोजून द्यायचे, परत कुलूप लावून लाखेचा शिक्का मारायचे. घरी आले की त्यांच्या बोटांना लाखेचा वास यायचा, आणि आईने हात धुवा म्हटलं की चिडायचे. शिक्का बसला की वस्तू स्वच्छ झाली, हे त्यांचं सोवळं. बिनलेबलाची मधाची बाटली घरात चालायची नाही. तू पत्रकात जे आठ पानं खर्च करून लिहिलंयस ते आप्पा एका वाक्यात म्हणायचे: चोरून विकली तर दारू, शिक्का मारून विकली तर महसूल. आणि ते अगदीच खोटं नव्हतं, हे मी कबूल करते. त्या कोठीतली चिमूटभर भांग कधी कुणा पोराच्या हाती गेल्याचं मी ऐकलं नाही. तेव्हा तू चुकतोस कुठे असं जर कुणी मला विचारलं, तर मी म्हणेन की तू तिथे चुकतोस जिथे आप्पा चुकले आणि त्यांचा जावई चुकला. आपल्या घरातल्या पुरुषांना वाटतं की शिक्का सगळीकडे वाचता येतो.

दत्तप्रसादला आप्पांनी पसंत केलं ते रूप किंवा पगार बघून नव्हे. बघायला आला तेव्हा तो येताना पेढे घेऊन आला, आणि पुड्यावर दुकानाची पावती टाचलेली होती. आई ओशाळली. आप्पा एवढे खूश झाले की मला विचारायचंही विसरले! इथे बंदराच्या टर्मिनलवर त्याचं कामच ते होतं. जहाजं तेल भरायला येतात, प्रत्येक जहाजाला तेलाचा नमुना बाटलीत भरून, सील करून, दोन्हीकडच्या सह्या घेऊन द्यायचा. भर ऑगस्टात, पत्रा हाताला चटके देत असताना, कॅप्टन ओरडत असायचा, "यल्ला, यल्ला, खलास करो," आणि हा शांतपणे म्हणायचा, सर, वन मोअर सिग्नेचर. बिलाशिवाय तो साधं खोबरेल आणत नसे. मी त्याची टिंगल करायचे. सुट्टीवरून परत येताना कानाकोपऱ्यातले ओळखीचे सगळे इकडच्या आपल्या माणसांसाठी पुडकी आणून देतात, तुला ते माहीत नाही, तू कधी गल्फला आला नाहीस. नाही म्हणता येत नाही. चिवडा, मसाला, मुतखड्याची पुडी, काय वाटेल ते. हा प्रत्येकाकडून चिठ्ठी लिहून घ्यायचा, आत काय आहे, कोणी दिलं, कोणासाठी. लोक हसायचे आणि लिहून द्यायचे. त्याच्या बॅगेत कधीच काही निघालं नाही. निघालं ते आमचं स्वतःचं.

गेल्या वर्षीच्या जून महिन्यात सांगलीहून निघायच्या आदल्या दिवशी ती डबी घेतली. जुनं, नावाजलेलं चूर्ण, पोटावरचं, सकाळ-संध्याकाळ ताकातून घ्यायचं. डबीवर मराठीत आणि इंग्रजीत सगळं छापलेलं होतं, जायफळ किती, सुंठ किती, शुद्ध भांग किती, लायसन्स नंबर, कर धरून किंमत. दत्तप्रसादने ते दुकानात उभ्या-उभ्या वाचलं आणि म्हणाला, बघ, असं पाहिजे, काही लपवाछपवी नाही. भांग हा शब्द मीही वाचला. भांग म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण औषधाच्या डबीत गेली की ती औषध झाली, एवढी साधी आमची बुद्धी. आप्पांच्या घरात वाढलेल्या मुलीला तर तो शब्द सुंठीइतकाच घरचा. दुकानदाराला त्याने स्वतःच्या नावाने बिल करायला लावलं, पूर्ण नाव, पत्ता, डबीचा बॅच नंबरसुद्धा. ते बिल त्याने पासपोर्टांबरोबर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं.

विमानतळावर आमची बॅग कुणी उघडायला सांगितली नव्हती, विघ्नेश. हे तुझ्या पत्रकात नाही, कारण तुला ते माहीत नाही. पुढच्या माणसाची बॅग उघडली होती आणि त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी सापडत नव्हती, त्याला ताटकळत ठेवलं होतं. ते बघून तुझ्या भावोजींना वाटलं, आपल्याकडे तर सगळे कागद आहेत. त्यांनी आपणहून डबी काढून टेबलावर ठेवली आणि बाजूला बिल उलगडून ठेवलं. "सर, मेडिसिन, विथ बिल." मला आजही ते वाक्य ऐकू येतं तेव्हा त्याचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटतं. तिथला माणूस चांगला होता, हसून पुढे जा म्हणाला होता जवळजवळ. मग त्याने डबी सहज फिरवली आणि इंग्रजी बाजू वाचली.

पुढचं तुला फोनवर सांगितलं आहे. कोर्टात बिल हाच पुरावा झाला. जाणूनबुजून घेतलं, स्वतःच्या नावाने घेतलं, काय घेतलं ते वाचून घेतलं. त्यांच्या कायद्याला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. तो कायदा आम्ही इथे आलो तेव्हाही होता, पोरांच्या शाळेतसुद्धा त्याची पोस्टर्स लावलेली असतात. चार वर्षं, आणि मग देशाबाहेर. वकिलांनी सांगलीच्या कारखान्याचं लायसन्स मागवलं, त्याचं अरबी भाषांतर केलं, त्यावर तीन ठिकाणचे शिक्के आणले. न्यायाधीशांनी ते फाइलला लावलं. आप्पा असते तर त्या दिवशी त्यांचा जीवच गेला असता. तू तुझ्या करदात्याला सांगतोयस की लायसन्स आलं की सगळं उजेडात येईल, कुणी साधा माणूस तुरुंगात जाणार नाही. मग हेही सांग की ते लायसन्स गावाच्या वेशीपर्यंत. तुझ्या त्या गवत कापणाऱ्या माणसाने उद्या दुकानातून रीतसर, कर भरून पुडी घेतली, पावतीसकट खिशात ठेवली आणि बायकोला घेऊन सहलीला विमानात बसला, तर पुढचं टेबल तुझं नाही. हे लिहिशील पत्रकात? नाही लिहिणार. तुझी मतं कमी होतील.

महिन्यातून दोनदा मी भेटायला जाते. मसाफीच्या घाटाने डोंगर ओलांडून जावं लागतं, आणि मला गाडी येत नाही, म्हणून दौलत नेतो. दौलत दत्तप्रसादच्याच टर्मिनलवर रिगरचं, म्हणजे जड सामान दोरखंडाने उचलायचं काम करतो, गुहागरकडचा, सुट्टीचा दिवस खर्च करून येतो आणि पेट्रोलचे पैसेही घेत नाही. आत काचेच्या पलीकडे दत्तप्रसाद बसतो आणि फोनवर बोलतो. वाळलाय. पण हसशील, तिथेही त्याला काम मिळालंय. सगळ्या देशांचे लोक त्याच्याकडून अर्ज लिहून घेतात, त्याला 'कातिब' म्हणतात, म्हणजे लिहिणारा. ईश्वरीला मी नेत नाही. ती शाळेत सांगते, "My dad is offshore," म्हणजे भर समुद्रात तेलविहिरीवर कामाला. परवा एका मुलीने फार खोदून विचारलं तर म्हणाली, "Everybody's dad is offshore, okay?" नऊ वर्षांची आहे.

आता तुझ्या गोष्टीकडे येते. 'एक प्रामाणिक कारकून, वर्षानुवर्षं पोटदुखीने हैराण, हातात लायसन्सचं औषध आणि पावती.' हे तू इंग्रजीत फार छान लिहिलंयस, वाचून तुझ्या करदात्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. मी ते दौलतला गाडीत मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण साहेबांना पोटाचा त्रास कधी होता? आमच्या मेसमधली ती लाल जाळ करी साहेब दोन ताटं खायचे. आम्हाला ॲसिडिटी, साहेबांना काय नाय." मी खिडकीतून बाहेर डोंगर बघत राहिले. उघडेबोडके डोंगर, बघण्यासारखं काहीसुद्धा नाही तिथे. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. आईनेही विचारलेलं नाही. आणि आईला तर ठाऊक आहे, कारण वैद्यांकडे ती बरोबर आली होती. पंधरा महिने झाले, दर रविवारी फोनवर ती ईश्वरीचं विचारते, जावयाचं विचारते, पाण्याचं, गॅसचं, गुडघ्यांचं सगळं बोलते. त्या न विचारण्याचा मला तुझ्या पत्रकापेक्षा जास्त राग येतो.

तेव्हा ऐक. पोट माझं. ईश्वरीच्या जन्मापासूनची संग्रहणी, शाळेत एक तास सलग उभं राहायची मला धास्ती असायची, आणि हे तुला कधी लिहिलं नाही कारण भावाला असलं काय लिहायचं. ते चूर्ण घेऊन मला सांगलीत तीन आठवड्यांत आराम पडला होता, म्हणून परत निघताना नवी डबी घेतली. त्या माणसाने इंग्रजी बाजू वाचली तेव्हा त्याचा चेहरा बदलला, त्याने दुसऱ्याला बोलावलं, आणि दुसऱ्याने हिंदीत विचारलं, "ये किसका है?" मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ईश्वरी माझ्या हाताला होती. दत्तप्रसादला तोवर समजलं होतं, विघ्नेश, मी त्याच्या मानेवरून ओळखलं. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. म्हणाला, "मेरा." मला बोलायला वेळ होता. पुष्कळ वेळ होता, त्यांनी सगळं लिहून घेतलं, सही घेतली, त्याला पाणी दिलं, तोवर मी तिथेच होते, आणि मी तोंड उघडलं नाही. नंतर मी स्वतःला पोरीचं कारण सांगितलं. कारण खरं आहे, पण त्या क्षणी मला पोरगी आठवली नव्हती. मी घाबरले होते, बस्स. काचेआडून मी एकदा विषय काढला तर त्याने फोन खाली ठेवून दिला आणि भेट संपेपर्यंत नुसता बसून राहिला. वकील म्हणतात, माझे इथल्या हॉस्पिटलचे जुने कागद आणि माझा जबाब अर्जाला लागला तर उपयोग होईल. होईलच का, विचारलं, तर इन्शाल्ला म्हणतात. मला आत ठेवतील का, तर त्यालाही इन्शाल्ला. एकोणीस ऑक्टोबरच्या शनिवारी मी जबाब द्यायला जाणार आहे. दत्तप्रसादला माहीत नाही. हे पत्र त्यासाठी आहे, पत्रकाचं भांडण मी फोनवरही केलं असतं. सतरा तारखेच्या विमानाने ईश्वरी एकटी मुंबईला येते आहे. अशा मुलांना विमानातली बाई हाताला धरून बाहेर आणते, आणि ताब्यात कोण घेणार ते आधी लिहून द्यावं लागतं. आईला तेवढं उभं राहवत नाही. मी तुझं नाव लिहिलंय. मतदानाला तेव्हा तीन आठवडेही उरलेले नसतील, मला कळतं, तुझे करदाते अर्धवट सोडून तुला यावं लागेल. ये. तिला सांगलीला आईकडे ने, आणि मी येईपर्यंत, किंवा तो येईपर्यंत, तिच्याजवळ राहा. तिला मी अजून काही बोललेले नाही, मला जमेलसं वाटत नाही. तूच सांग, तुला लोकांना पटवता येतं. हवं तसं सांग, हळूहळू सांग, फक्त ती डबी बाबाची होती असं तिला सांगू नकोस.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
मृणाताई